डोंगरवाटेचा सोबती पैसे भरण्याआधी पारखावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपत आल्या की गोव्यातील कितीतरी घरांत हिमालयाचे बेत सुरू होतात. कोणी कासोलहून निघणाऱ्या सार पासचे पैसे भरलेले असतात, कोणी सांदकफूचे, आणि ज्यांच्या गाठीशी थोडी रजा व थोडे अधिक पैसे असतात ते नेपाळात जाऊन एव्हरेस्टच्या तळापर्यंत चालून येण्याचे ठरवतात. आपल्या दैनिकातही अलीकडे या पदभ्रमणांविषयी मजकूर येत असतो, आणि बूट कोणते घ्यावेत, सॅक केवढी असावी, सराव कधीपासून करावा, खर्च किती येतो, हे त्यात बहुतेक वेळा नीट सांगितलेले असते. मात्र दहा-बारा दिवस ज्याच्याबरोबर चालायचे, एका तंबूत किंवा एका खोलीत निजायचे आणि प्रसंग पडल्यास ज्याच्या निर्णयावर आपला जीव सोपवायचा, तो सोबती कसा निवडावा याविषयी माझ्या वाचनात काही आले नाही. त्या एकाच मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

मी डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. शाळेतील मुलांना घेऊन सत्तरीच्या डोंगरांत पंचवीसेक वर्षे हिंडलो आणि हिमालयात सहा वेळा लांबच्या वाटा चाललो. त्यांपैकी पाच वेळा ठरलेल्या ठिकाणी पोचलो. एकदा, २०१६ च्या ऑक्टोबर महिन्यात, पोचलो नाही, आणि सोबत्याविषयी मला जे कळले आहे ते बहुतांशी त्या न पोचलेल्या वाटेवर कळले आहे.

त्या वेळचा माझा सोबती म्हणजे माझा बालमित्र. आमची घरे एकाच वाड्यावर, चवथीच्या आरत्या एकत्र, आणि वाड्यावरच्या भजनात मी झांज घेऊन बसतो तर तो गेली चाळीस वर्षे पखवाज वाजवतो. नेपाळातील मुक्तिनाथाचे दर्शन घ्यावे, आणि तेही विमानाने किंवा जीपने न जाता, अन्नपूर्णा पर्वतरांगेला वळसा घालून थोरोंग ला ही ५,४१६ मीटर उंचीची खिंड पायी ओलांडून घ्यावे, हा बेत आम्ही कित्येक वर्षे मनात धरला होता. एवढ्या जुन्या मैत्रीत सोबती पारखण्याचा प्रश्नच कोठे येतो, असे मला वाटले, आणि चूक तेथेच झाली. आम्ही एकमेकांना ओळखत होतो ते घरी, देवळात, लग्नकार्यात आणि फार तर सकाळी निघून संध्याकाळी परतायच्या रानवाटेवर. सलग आठवडाभर चाललेला, रात्री धड न झोपलेला आणि अन्नावरची वासना उडालेला माझा मित्र मी कधी पाहिलेला नव्हता. त्यानेही मला तसे पाहिलेले नव्हते.

मनांग या सुमारे ३,५४० मीटरवरील गावात आम्ही प्रथेप्रमाणे एक दिवस जादा थांबलो. तेथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या मदत केंद्रात हंगामाच्या दिवसांत दुपारच्या वेळी डॉक्टर विरळ हवेच्या आजाराची माहिती देतात. ती आम्ही शेजारी शेजारी बसून ऐकली. दुसऱ्या दिवशी याक खर्क येथे, चार हजार मीटरच्या थोडे वर, मुक्कामाला पोचलो. संध्याकाळी जेवताना त्याने ताटातील डाळभात नुसता चिवडला. विचारले तर म्हणाला, "म्हाका कांय जांवक ना." पुढे मी विचारले नाही. थोड्या वेळाने बाहेर जाण्यासाठी तो बूट घालू लागला आणि मी समोरच्या खाटेवरून सहज पाहत होतो. नाडीचा एक फास त्याने केला, दुसरे टोक त्याभोवती घ्यायला गेला, तर ते बोटांतून निसटले. पुन्हा केले, पुन्हा निसटले. चौथ्या वेळी त्याने दोन्ही नाड्या तशाच बुटात कोंबल्या आणि माझ्याकडे न पाहता तो उठला. ज्या बोटांना द्रुत लयीत पखवाजावर धावताना मी इतकी वर्षे पाहिले होते, त्या बोटांना नाडीची गाठ बसत नव्हती.

खोलीतील जमीन लाकडी फळ्यांची होती. दोन फळ्यांच्या सांध्यावरून, टाचेला पंजा भिडवीत दहा पावले चालून दाखव, असे मी त्याला सांगितले. तिसऱ्या पावलाला त्याचा तोल गेला आणि त्याने भिंत धरली. मग त्याच्या जाकिटाच्या खिशात पॅरासिटामॉलची पट्टी मिळाली. तिच्यातील सहा गोळ्या संपलेल्या होत्या. दोन दिवस त्याचे डोके ठणकत होते आणि त्याने ते मला कळू दिले नव्हते. त्याच रात्री आमच्या पोर्टरच्या आधाराने, डोक्याला विजेऱ्या बांधून, आम्ही त्याला खाली मनांगला आणले. सकाळी हसतखेळत चढलेली ती वाट उतरायला आम्हाला रात्रीचे पाच तास लागले. डॉक्टरांनी प्राणवायू लावला, औषधे दिली, आणि उजाडेपर्यंत तो नीट बोलू लागला. चार दिवसांनी जीपमधून बेसीसहरकडे उतरत असताना, इतके दुखत होते तर सांगितले का नाहीस, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "तुला कसे सांगणार? तू पहिल्या दिवसापासून म्हणत होतास की आता माघार नाही."

हे मी खरोखरच म्हणत होतो. रोज सकाळी सॅक पाठीला लावताना, उत्साहाच्या भरात, त्याला धीर यावा म्हणून म्हणत होतो. दोनच वर्षांपूर्वी, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, हुदहुद चक्रीवादळातून उठलेल्या हिमवादळाने त्याच खिंडीच्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे गेली होती, हे आम्हा दोघांना ठाऊक असूनही म्हणत होतो. एवढ्या जुन्या मित्राला आपले डोके दुखते एवढे साधे वाक्य मला ऐकवता आले नाही, आणि त्याला कारण मी होतो. म्हणून लांबच्या डोंगरवाटेसाठी सोबती निवडताना माझी पहिली आणि सर्वांत मोठी कसोटी ही आहे की, "मला आज जमत नाही" हे त्याच्यापाशी बोलताना आपली जीभ अडखळते का, आणि आपल्यापाशी ते बोलायला त्याला संकोच वाटतो का. बाकीच्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्या हिच्या मागून येतात.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्यामागे शरीरशास्त्राचे कारण आहे. आपण समुद्रकाठची माणसे. गोव्यातील सर्वांत उंच शिखर, सत्तरीतील सोंसोगड, हजार मीटरच्या थोडेच वर आहे, त्यामुळे विरळ हवेत आपले शरीर कसे वागेल याचा अंदाज कितीही वर्षे गोव्याचे डोंगर चढून येत नाही. साडेपाच हजार मीटरच्या आसपास श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. म्हणूनच तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा सर्वमान्य नियम आहे. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे ही या आजाराची पहिली लक्षणे होत, आणि ती थकव्याची म्हणून सहज खपून जातात. पुढे मेंदूला सूज येऊ लागली की तोल जातो आणि विचारही गढूळ होतो. म्हणजे ज्याला आजार झाला आहे त्याचीच, आपल्याला आजार झाला आहे हे ओळखण्याची शक्ती सर्वांत आधी जाते. फुप्फुसांत पाणी साचू लागले तर बसल्या जागी दम लागतो व खोकला सुरू होतो, पण तेथेही रोगी स्वतःला सर्दी झाल्याचे सांगत राहतो. अशा वेळी त्याच्याकडे रोज निरखून पाहणारा, त्याने नेहमीपेक्षा कमी खाल्ले हे ध्यानात ठेवणारा, त्याची चाल बदलली हे टिपणारा माणूस शेजारी असणे हाच पहिला उपाय असतो, आणि दुसरा उपाय खाली उतरणे हा. औषधे त्यानंतर येतात. छायाचित्रे काढण्यात, फोनला रेंज शोधण्यात किंवा स्वतःच्या वेळेची नोंद ठेवण्यात जो दिवसभर गुंतलेला असतो, तो कितीही दणकट असला तरी या कामी उपयोगाचा नाही.

परत फिरण्याविषयी दोघांचे मत घरीच स्पष्ट झालेले असावे. खर्च केलेले पैसे, मिळवलेली रजा, वाड्यावर सगळ्यांना सांगून ठेवलेला बेत, या तिन्हींचे ओझे खिंडीच्या पायथ्याशी एकदम जाणवते, आणि तेथे उभे राहून शांतपणे विचार होत नाही. १९५२ साली स्विस मोहिमेत तेनसिंग नोर्गे आणि रेमंड लँबर्ट या दोघांनी एव्हरेस्टवर जे केले त्याची आठवण मला या संदर्भात नेहमी होते. दोघांना एकमेकांची भाषा जेमतेम येत होती. लँबर्ट यांच्या पायांची बोटे आधीच हिमदंशात गेलेली होती. २७ मेची रात्र त्यांनी सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एका लहान तंबूत, स्लीपिंग बॅगही नसताना, एकमेकांचे अंग चोळून जागे राहून काढली, आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ८,६०० मीटरपर्यंत, म्हणजे त्या वेळपर्यंत कोणी गेल्याची खात्रीशीर नोंद नव्हती एवढ्या उंचीपर्यंत पोचून, शिखर जवळ आलेले असताना, ते दोघे मिळून मागे फिरले. पुढच्या वर्षी २९ मे १९५३ रोजी हिलरींबरोबर तेनसिंग शिखरावर उभे राहिले तेव्हा त्यांच्या गळ्यात लँबर्ट यांनी दिलेला लाल मफलर होता. भाषा एक नसलेल्या दोन माणसांना जे जमले ते एका वाड्यावर वाढलेल्या आम्हा दोघांना जमले नाही, ही खंत मला अजून आहे.

आता चालीविषयी. चाल जुळणे म्हणजे दोघेही वेगवान असणे, असा एक समज आहे. दोघेही संथ असतील तरी चाल जुळलेलीच असते. अडचण होते ती तफावतीची. वेगाने चालणारा पुढे जाऊन एखाद्या वळणावर बसतो, पाणी पितो, घाम वाळवतो, आणि मागचा धापा टाकीत तेथे पोचला की "चला" म्हणून उठतो. दिवसभरात पुढच्याला दहा वेळा विसावा मिळतो आणि ज्याला त्याची खरी गरज आहे त्याला एकदाही मिळत नाही. वर उंचावर थांबून राहिलेल्याच्या अंगात थंडी भरते, त्यामुळे तोही मनातून वैतागतो, आणि संध्याकाळपर्यंत दोघेही एकमेकांवर रुसलेले असतात, कारण मात्र कोणीच बोलत नाही. माझ्या अनुभवात मैत्री तुटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. संथ चालणाऱ्याने पुढे राहावे आणि वेगवानाने मागून यावे, हा त्यावरचा जुना उपाय आहे. परंतु तो पाळण्यासाठी वेगवान माणसाजवळ जो समजूतदारपणा लागतो तो त्याच्याजवळ आहे की नाही, हेच तर आधी पाहायचे असते.

आमच्या भागातून आषाढीला पायी पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांबरोबर मी दोनदा चाललो आहे. तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. दिंडीची चाल ठरलेली, पुढे पताका, मागे टाळमृदंग, सामान वाहनात, आणि कोणी मागे पडलाच तर मागच्या रांगेतील माणसे त्याला सांभाळून घेतात. ज्याला बोलायचे आहे त्याला बोलायला कोणीतरी मिळतो आणि ज्याला गप्प राहायचे आहे तो नामस्मरणात गप्प राहतो. आपल्याकडील अनेकांचा लांब चालण्याचा अनुभव हा दिंडीचा असतो, आणि वारी चाललो म्हणजे हिमालयही चालू, असा विश्वास त्यांना वाटतो. पायांच्या बाबतीत तो विश्वास बराचसा खराही आहे. पण दिंडीत आपला स्वभाव दोनशे माणसांत वाटला जातो, तर डोंगरात तो सगळा एकट्या सोबत्याच्या वाट्याला येतो.

लहानसहान सवयींचे म्हणाल तर त्यांची यादी करावी तेवढी थोडी आहे, आणि त्या मी वरवरच सांगतो. घोरणाऱ्या माणसाने तसे आधी सांगावे आणि दुसऱ्याने कानात घालायचे बोळे बरोबर घ्यावेत. ज्याला नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, चार घास जात नाहीत त्याने दहा दिवस डाळभातावर काढता येतील का, हे घरीच आठवडाभर जेवून पाहावे. खिंड ओलांडायच्या दिवशी, वारा सुटण्याआधी वर पोचता यावे म्हणून पहाटे चारच्या आधी निघावे लागते. ज्याचे स्नान-संध्या झाल्याशिवाय पाऊल उचलत नाही त्याच्या श्रद्धेचा मी आदरच करतो, पण त्याने तो दिवस कसा काढणार हे सोबत्याला अगोदर सांगितले पाहिजे.

पैशांचा विषय मात्र वरवर सोडण्यासारखा नाही. नेपाळच्या वाटांवर जसजसे वर जावे तसतशा वस्तूंच्या किमती वाढत जातात, कारण त्या कोणाच्या तरी पाठीवरून वर आलेल्या असतात. गरम पाण्याची बादली, फोन चार्ज करणे, चहाचा थर्मास, प्रत्येकाचे वेगळे पैसे पडतात. एका वाटेवर आमच्याबरोबर असलेले दोन सख्खे चुलतभाऊ गरम पाण्याच्या बादलीवरून एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाला रोज अंघोळ हवी होती आणि खर्च सामाईक पैशांतून होत होता. दुसरा अंघोळ करीत नव्हता, पण ते बोलून दाखवणे त्याला हलकेपणाचे वाटत होते. पाचव्या दिवशी तो ते बोलला तेव्हा विषय बादलीपुरता राहिला नाही, घरच्या वाटणीपर्यंत गेला. सामाईक खर्चात काय येते आणि काय येत नाही हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही. त्याच कागदावर आणखी एक गोष्ट लिहावी: परतीला किती दिवसांची सवड आहे. एव्हरेस्टच्या वाटेवरील लुक्ल्याच्या विमानतळाची विमाने हवामान बिघडले की दोन-दोन दिवस सुटत नाहीत. ज्याला सोमवारी कचेरीत हजर व्हायचेच आहे, तो आदल्या आठवड्यात स्वतःही घाई करतो आणि बरोबरच्यालाही करायला लावतो, आणि उंचावर घाई हीच सर्वांत धोक्याची.

पुष्कळ तरुण आज ओळखीच्या सोबत्याविना एखाद्या संस्थेच्या तुकडीत नाव नोंदवतात आणि तंबूत कोण येईल ते तेथे गेल्यावर कळते. यात वाईट काही नाही. उलट अनोळखी माणसापाशी आपली दुखणी सांगताना भीड कमी वाटते, असे मी कित्येकदा पाहिले आहे. मात्र तुकडीत गेलो म्हणजे सोबत्याची निवड टळली, असे समजू नये. पहिल्या दिवशीच तंबूतील जोडीदाराला बाजूला घेऊन, "रोज रात्री मी तुला आणि तू मला, डोके कसे आहे, जेवलास का, असे विचारायचे, आणि उत्तर खोटे द्यायचे नाही," एवढे ठरवून घ्यावे. मुलींच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक विचार आहे. मासिक पाळी, शौचाची सोय, थांबण्याची गरज, या गोष्टी ज्या सोबतीणीपाशी किंवा सोबत्यापाशी मोकळेपणाने बोलता येत नाहीत त्याच्याबरोबर जाणारी बाई पाणी कमी पिते, म्हणजे वाटेत थांबावे लागू नये. आणि उंचावर पाणी कमी पिणे हे स्वतःहून संकट ओढवून घेणे आहे. हे मला माझ्या मुलीने सांगितले तोवर माझ्याही लक्षात आलेले नव्हते.

संख्येविषयी माझे मत थोडे ठाम आहे. दोघेच जाणार असतील तर तिसरा माणूस वाटेचा जाणकार, म्हणजे तेथील वाटाड्या किंवा पोर्टर, असायलाच हवा. एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्याने त्याच्याजवळ बसायचे की मदत आणायला जायचे, हा पेच दोघांत सुटत नाही. त्या रात्री याक खर्कहून उतरताना आमचा पोर्टर नसता तर काय झाले असते याचा विचार मी करू इच्छित नाही. त्याने माझ्या मित्राची सॅक आपल्या ओझ्यावर बांधली, त्याचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि पाच तासांत एकदाही उतावीळपणा दाखवला नाही. होऊ घातलेला सोबती हॉटेलातील पोऱ्याशी, बसच्या कंडक्टरशी, सामान उचलणाऱ्याशी कसा बोलतो, हे म्हणूनच पाहून ठेवावे. जो पोर्टरच्या पाठीवर गरज नसलेले सामान चढवतो आणि त्याच्या पायांत काय आहे हे पाहत नाही, तो आपण आजारी पडल्यावर आपल्याशी निराळे वागेल असे मानण्याचे कारण नाही.

मग पारख करायची कोठे? त्यासाठी आपल्याला गोव्याबाहेर जाण्याची गरज नाही. उंचीची परीक्षा येथे होत नाही हे वर लिहिलेच आहे, पण स्वभावाची होते. केरी, सुर्ला, वाघेरी या भागातील चढ, मोलेच्या जंगलातून तांबडी सुर्ल्याकडची रानवाट, सांग्यातील नेत्रावळी, काणकोणातील खोतीगाव, यांपैकी एखाद्या भागात दोन दिवस आणि मधली एक रात्र पाठीवर ओझे घेऊन चालावे. अभयारण्याच्या हद्दीत जायचे असेल तर वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी, आणि ती घेताना होणाऱ्या धावपळीतही सोबती थोडाफार कळतोच. एक दिवस पुरत नाही. पहिला दिवस सगळेच चांगले वागतात. झोप न झालेल्या, बूट ओले झालेल्या, खांदे दुखणाऱ्या दुसऱ्या सकाळी माणूस खरा दिसतो. शक्य असेल तर हे चालणे जूनच्या पावसात, वाटांवर जळवा निघालेल्या असताना करावे. ओला तंबू गुंडाळायला कोण आधी उठतो, वाट चुकल्यावर चूक कोणाची याची चर्चा कोण काढतो, उरलेले अर्धी बाटली पाणी कोण कसे वाटतो, हे तेथे पाहायला मिळते. आणि मुद्दाम एकदा, निम्म्या चढावर, काही झालेले नसतानाही, "मला वाटते, आपण येथून परत जाऊया," असे म्हणून पाहावे. समोरचा काय उत्तर देतो याहूनही, उत्तर देण्याआधी त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, तिकडे लक्ष द्यावे.

मी आणि माझा मित्र गेली काही वर्षे असेच चालत आहोत. गेल्या पावसाळ्यात वाघेरीच्या चढावर, माथा अर्ध्या तासावर असताना, तो थांबला आणि गुडघा दुखतो म्हणाला. आम्ही कातळावर बसून बरोबर आणलेले पोहे खाल्ले आणि खाली आलो. मुक्तिनाथाचा बेत आम्ही पुन्हा मांडला आहे, आणि या वेळी मनांगच्या पुढच्या प्रत्येक मुक्कामासाठी दोन दिवस राखून ठेवले आहेत.

शेवटी गोव्यातून हिमालयात तुकड्या नेणाऱ्या सर्व संस्थांना आणि महाविद्यालयांतील गिर्यारोहण मंडळांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. वैद्यकीय दाखला आपण मागता, विम्याचा कागद मागता, ते योग्यच आहे. त्याचबरोबर पूर्ण शुल्क घेण्यापूर्वी प्रत्येक तुकडीचा एक मुक्कामाचा सराव गोव्यातच ठेवावा, तंबूतील जोड्या त्यानंतर ठरवाव्यात, आणि जोडी बदलून मागणाऱ्याला कारण विचारू नये. नाव परत घ्यावेसे वाटणाऱ्याला त्या टप्प्यावर पैसे परत मिळावेत, म्हणजे केवळ भरलेल्या पैशांपायी कोणी चुकीच्या माणसाबरोबर निघणार नाही. येत्या हंगामासाठी नोंदणी सुरू होण्याआधी एखाद्या तरी संस्थेने हे करून पाहावे, आणि अशा सरावात वाट दाखवायला माणूस हवा असल्यास सत्तरीच्या डोंगरांत मी विनामूल्य यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व वाचक,
डिचोली, गोवा